पटावर चाबीचा कॅमेरा

अब्बा,

यंदा बैलांच्या शर्यतीला, पटावर, मी तुमच्यासारखं घड्याळ नाही, कॅमेरा घेऊन गेलो होतो, आणि तिथे जे झालं त्याचा राग अजून उतरलेला नाही. तुम्ही असता तर "जाने दे" म्हणून चहा मागवला असता. म्हणूनच तुम्हाला लिहितोय, कारण आता तुम्ही मला गप्प करू शकत नाही. आपण घरी बोलायचो ते अर्धं हिंदी, अर्धं झाडीबोलीतलं. लिहिता मात्र मला मराठीच येते, ब्रह्मपुरीच्या शाळेनं शिकवली ती. तुम्हाला वाचायला वेळ लागेल. लागू द्या.

कॅमेरा कसला, ते आधी सांगतो. मोटारीच्या चाबीला रिमोट असतो ना, तेवढाच, तसाच काळा, वर अडकवायला कडी. एका टोकाला बारीकशी काच. बटण दाबलं की दिवा लुकलुकतो आणि चित्रण सुरू होतं. पडदाबिडदा काही नाही. काय टिपलं ते खाली उतरवून मोबाईलला जोडल्यावरच कळतं. घड्याळं आता कोण दुरुस्त करून घेतं? दुकानात मोबाईल उघडता उघडता मला याचा नाद लागला. मी तो पतंगाला बांधतो. बाजारातल्या पतंगाला त्याचं वजन पेलत नाही, म्हणून बांबूच्या कामट्या तासून आणि जुन्या छत्र्यांचं कापड शिवून दाराएवढा पतंग केला. कॅमेरा पतंगावर नाही, त्याच्या खाली दोरीला लटकवायचा, दोन काड्यांच्या फुलीवर. मग पतंग वर कितीही झटके देवो, कॅमेरा आपला स्थिर राहतो. हे जमेपर्यंत दोन कॅमेरे वैनगंगेत गेले. अम्मी म्हणते, "पोराची उमर गेली, पतंग नाई गेली." पण धान कापून झाल्यावर रिकाम्या पडलेल्या त्या शेतांच्या बांध्या, त्यांच्या कडेचे वाकडेतिकडे धुरे आणि मधला तलाव वरून पाहिले, तेव्हा आपला मुलूख इतका देखणा आहे हे मला चाळिशी उलटल्यावर कळलं.

पटाला मला बोलावलं ते या पतंगापायीच. मागच्या साली तिथे कुणीतरी ड्रोन आणला होता. त्याच्या घरघरीनं बैल बिचकले आणि एक जोडी छकड्यासकट गर्दीत घुसली. पतंगाला आवाज नाही. ज्यांची पांढरी जोडी तुमच्या वेळी गाजायची ते काका, आता पार वाकलेत, खास दुकानात आले. म्हणाले, "भाऊ, तुमची पतंग आना. बैलायले समजत बी नाई वर काय हाय तं." मला इतका आनंद झाला की त्या दिवशी दुकान लवकर बंद केलं. मधली कितीतरी वर्षं पट बंदच होते, तुम्ही गेलात तेही त्याच काळात. पुन्हा सुरू झाल्यावर मी जायचो, पण आपलं लांबून बघायला. बोलावणं पहिल्यांदाच आलं होतं.

तिथे पोचलो आणि तुमची खुर्ची कुठे असायची ते मला लगेच आठवलं. मी लहान, खुर्चीच्या मागे उभा. झेंडी पडते, दोन जोड्या सुटतात, धुळीत काही दिसत नाही, आणि तुमचा अंगठा घड्याळावर. जोडीनं शेवटची रेष ओलांडली की तुम्ही आकडा सांगायचे आणि कुणी हूं की चूं करायचं नाही. कारण रीतच होती: पटाचं घड्याळ बाहेरच्या माणसाच्या हातात द्यायचं. गावातल्याला दिलं तर त्याच्या मामाची नाहीतर साडूची जोडी निघणारच. तुम्ही शहरातले घड्याळवाले, मुसलमान. त्या गावात तुमचं ना शेत, ना सोयरा. माईकवरून ओरडायचे, "घड्याळ बाहेरच्याच्या हाती हाय, कोनी बोलाचं नाई!" आणि तुम्ही खुर्चीत आणखी ताठ बसायचे. एकदा काकांची पांढरी जोडी पुढे निघाली आणि मी टाळ्या पिटल्या, तर तुम्ही माझे दोन्ही हात धरले. "आपुन ताली नहीं बजाते. लोक पाह्यते." त्यानंतर मी पटावर कधीही टाळी वाजवली नाही. बैलांचं एवढं वेड असलेला पोरगा मी, हात मागे बांधून उभा राहायचो.

तर यंदाचं ऐका. शेवटची धाव. आता रेषेवर यंत्र लावतात, जोडी गेली की आपोआप आकडा येतो. नेमकं तेव्हाच ते बंद पडलं. दोन्हीकडचे लोक एकमेकांच्या अंगावर धावले. काकांनी हात वर केला, "वरून पतंगवाल्या भाऊनं काढलं हाय, त्याले इचारा." मी पतंग उतरवला, कार्ड मोबाईलला लावलं. माझ्या खांद्यावरून सगळे वाकून बघताहेत. स्वच्छ दिसतंय, तांबडी जोडी मानभर पुढे. वाद घालायला जागाच नाही. हरलेली जोडी कमिटीतल्याच एका तरण्या माणसाची होती. त्यानं चित्र पाहिलंच नाही. तो माझा कॅमेरा हातात घेऊन उलटासुलटा करत होता. "हे तं चाबी हाय," तो म्हणाला. "चाबीसारखा कॅमेरा कशाले बनवते? चोरून काढासाठी. इथी आमच्या बाया बसून राह्यल्या." मी म्हटलं, हलका आहे म्हणून घेतला, पतंगाला पेलतो म्हणून. पण तो माझ्याशी बोलतच नव्हता, लोकांशी बोलत होता. "आन याच्यावर भरोसा काऊन ठेवाचा? बाहेरचा मानूस."

तोच शब्द, अब्बा. ज्या शब्दापायी तुमच्यावर भरवसा ठेवायचे, त्याच शब्दापायी माझ्यावर नाही. शेजारच्या तालुक्यातून टेम्पोत जोड्या घालून आलेले लोक तिथे उभे होते, त्यांना कुणी बाहेरचे म्हणालं नाही. म्हणजे त्याला काय म्हणायचं होतं ते सगळ्यांना कळलं. मग त्यानं माईक घेतला, "बाहेरच्या लोकायनं पटावर कॅमेरे आनू नये." धाव पुन्हा घ्यायची ठरली. कॅमेरा मला परत दिला, कार्ड ठेवून घेतलं. काका परतीच्या जीपपर्यंत माझ्यामागे आले. "भाऊ, मनाले नका लावू. पोट्टे हायत." मग माझा तोल गेला. "काका, तिथी काऊन नाई बोलले तुमी?" तर म्हणतात, "माईक त्याच्या हातात होता ना, भाऊ." शेजारी उभ्या माणसाची बाजू घ्यायला यांना माईक लागतो!

पण खरं सांगू? काकांवरचा राग जीपमध्येच निवला. तुमच्यावरचा वाढत गेला. तो शब्द तुम्ही फेट्यासारखा डोक्यावर मिरवलात. एकदा तरी खुर्चीतून उठून म्हणायचं होतं, मी बाहेरचा कसा? माझ्या आईबापाच्या कबरी याच मातीत आहेत, तुमच्या लग्नांतली घड्याळं माझ्या दुकानातून गेलीत, आणि मलाही कुणाचीतरी जोडी आवडते. तुम्ही कधीच म्हणाला नाहीत. मान मिळतोय म्हणून गप्प बसलात आणि माझेही हात धरून ठेवलेत. मला यंदा तांबडी जोडी जिंकायला हवी होती, अगदी मनापासून. मी निवाडा करायला गेलोच नव्हतो, मी आपला पट वरून बघायला गेलो होतो. तुम्ही म्हणाल, तेव्हा असं बोललो असतो तर घड्याळ हातातून गेलं असतं. गेलं असतं तर गेलं असतं. आपण दोघांनी गर्दीत उभं राहून टाळ्या वाजवल्या असत्या.

हे तुमच्या कबरीपाशी वाचावं, असं मनात होतं. शुक्रवारी गेलो, फातिहा पढलो, कागद खिशातच ठेवून परत आलो. घरात कुणाला दाखवावं, तर तेही होत नाही. पटाच्या दिवशी मी दुपारीच परतलो तेव्हा अम्मीनं विचारलं, "काऊन रे, इतक्या जल्दी?" आणि मी हसून सांगितलं, वारा पडला. तिनं ते खरं मानलंय. आता रोज सकाळी ती अंगणात येते, कडुनिंबाकडे बघते आणि मला हाक मारून सांगते, "आज वारा हाय, जाय."