एप्रिलच्या सरी

हारून भाऊ,

दार-ए-सलामला बसून तू पर्यटकांसाठी महिन्यांचं हवामान लिहितोस. जूनला गार वारा लिहिलास, ते खरंच आहे. पण एप्रिलपुढे ‘किरकोळ सरी, डॉल्फिन बघायला उत्तम’? एप्रिलच्या पावसात आपल्या गावात कुणी होडी काढत नाही, हे तू विसरलास?

धाकटा मकामे फोनवर म्हणाला, "भाऊ, समुद्र खवळलाय."

तू म्हणालास, "घाबरतोस काय बायकांसारखा? पाहुणे आलेत, ने त्यांना!"

होडी उलटली. पाहुण्यांना त्याने एकेक करून खडकावर चढवलं आणि स्वतः लाटेत गेला.

आता म्हणतोस, आईला भेटायला येतो. येऊ नकोस. होडीत तूही होतास, असं मी तिला सांगितलंय. दोघांसाठी रडून झालंय तिचं.

हे पत्र टाकणार नाही. मेलेल्याला कोण पत्र टाकतं?

मकामेची बहीण,
झुवेना