आजी, तुमचं होऊ द्या

४ मार्च, मंगळवार

सकाळी पाणी भरलं, दाढी केली. दुपारी निवडणूक कार्यालयात जाऊन हिचं ओळखपत्र आणि मतदान केंद्राची किल्ली परत केली. किल्ली हिच्या कापडी पिशवीत राहून गेली होती. खिडकीमागच्या माणसाने ओळखपत्रावरचा फोटो पाहिला, मग मला पाहिलं. म्हणाला, "अच्छा, त्या शाळेतल्या केंद्रावरच्या बाई. घाबरल्या ना त्या?"

जिना उतरून खाली आलो आणि भिंतीला टेकून उभा राहिलो.

बायको गेल्यापासून लोक काय काय बोलून जातात. चांगली होती. लवकर गेली. त्रास न होता गेली. सगळं ऐकून घेतलं. घाबरली, हे आजच ऐकलं.

५ मार्च

झालं ते लिहून ठेवतो. नाहीतर दुसऱ्यांचं म्हणणंच खरं होऊन बसेल.

ही शाळेत भूगोल शिकवायची. निवडणुकीत हिला केंद्राध्यक्ष केलं होतं. म्हणजे त्या खोलीची सगळी जबाबदारी हिची. दुपारपर्यंत नीट चाललं होतं. रांग फाटकाबाहेर गेली होती. मग दहाबारा माणसं आत घुसली आणि दार लावून घेतलं. आमची मतं आम्हीच टाकतो, तुम्ही फक्त मशीन चालू ठेवा, असं त्यांचं म्हणणं. हिने मशीनचं 'बंद'चं बटण दाबलं. ते एकदा दाबलं की मशीन कोणाचंच मत घेत नाही. त्यांचं नाही आणि रांगेतल्यांचंही नाही. त्यांनी टेबल उलटं केलं. ही पडली, बाकाची कड कानामागे लागली. शाईची बाटली पिशवीवर सांडली.

ते गेल्यावर हिने मशीनला सील लावलं, नेऊन जमा केलं, पावती घेतली. घरी येऊन म्हणाली, डोकं जड झालंय. गोळी घेतली. दुसऱ्या दिवशी दुपारी गेली.

हे एवढंच आहे.

आता कार्यालय म्हणतं, घुसखोरीचा पुरावा नाही. चार माणसं तावातावाने बोलली, बाई घाबरल्या, बटण दाबून बसल्या. चूक बाईंची. तसं ठरलं की फेरमतदान नको, धरपकड नको, जी मतं पडली ती मोजायची आणि मोकळं व्हायचं. सगळ्यांच्याच सोयीचं. मेलेल्या माणसाच्या माथी मारलं की तो उलटून बोलत नाही.

७ मार्च

मेहुणा आला होता. हिचा धाकटा भाऊ. केळी घेऊन आला आणि बोलता बोलता चार स्वतःच खाल्ली.

"दाजी, सोडून द्या. ताई परत येणार आहे का?"

मी म्हटलं, नाही.

"मग? घाबरली म्हणाले तर म्हणू द्या. बाईमाणूस. घाबरणारच. त्यात कमीपणा कसला?"

मी त्याला चहा दिला. त्याचं किराणा दुकान त्याच वस्तीत आहे. ती दहाबारा माणसं त्याची गिऱ्हाइकं असणार. तो वाईट नाही. त्याला शटर रोज उघडायचं असतं.

जाताना दारात म्हणाला, "तुम्ही कधी कुणाशी मोठ्याने बोलला नाहीत, आता काय भांडणार?"

खरंच आहे. भांडायचं खातं तीच सांभाळायची. दूधवाला, घरमालक, माझा साहेब — सगळ्यांशी.

८ मार्च

मुलीचा फोन. बाबा जेवलात का. हो म्हटलं.

९ मार्च, रविवार

त्या दिवशी दाराशी ड्यूटीला असलेला हवालदार घरी आला. टोपी काढून मांडीवर ठेवली आणि टोपीकडेच बघत बोलला. घुसखोरांनी त्याला बाहेर ढकलून दार लावलं, म्हणून त्याने आतलं काही पाहिलं नाही. तसंच त्याने वर सांगितलं.

"आणि हिच्या हाताखालचा दोन नंबरचा अधिकारी? तो तर आत होता," मी विचारलं.

हवालदार हसला. "कुठला आत! मागच्या खिडकीतून उडी मारली त्याने. एक बूट आतच राहिला. तोच आता सांगतोय, बाई घाबरल्या म्हणून."

मी त्या अधिकाऱ्याचं नाव लिहिणार नाही. खिडकीवाला पुरे.

मग हवालदार म्हणाला, "दार उघडलं तेव्हा आडोशामागून एक आजी निघाली. मीच हाताला धरून बाहेर आणली. मत द्यायला गेली होती बिचारी, मध्येच हे झालं."

तेव्हापासून माझ्या डोक्यात एकच चाललं आहे. प्रशिक्षणाहून आल्यावर हिने मला जेवणाच्या टेबलावर मशीन समजावलं होतं. डब्याचं झाकण म्हणजे हिचं यंत्र, मिठाची बरणी म्हणजे मतदाराचं. केंद्राध्यक्षाने एक मत सोडलं की लाल दिवा लागतो. मतदाराने आडोशामागे जाऊन बटण दाबलं की शिट्टी वाजते, दिवा विझतो. "आणि दिवा लाल असेपर्यंत बंदचं बटण चालतच नाही," ही म्हणाली. "आत गेलेल्या माणसाचं मत आधी." मी म्हटलं होतं, आमच्या पाणीपुरवठ्यातही तसंच — नळीत दाब असताना झडप फिरवायची नाही. ही म्हणाली, तुमचं सगळं पाण्यातच.

म्हणजे आजी आत होती तेव्हा दिवा लाल होता. आणि तरी मशीन बंद झालं. म्हणजे आजीचं मत पडेपर्यंत ही थांबली. दहाबारा माणसं अंगावर आलेली असताना थांबली.

घाबरलेला माणूस थांबतो का?

११ मार्च

आजी सापडल्या. पाणीपुरवठ्यातून अर्धा दिवस सुटी काढून गल्ल्या पालथ्या घातल्या. एका शिंप्याच्या दुकानात मागच्या बाजूला बसलेल्या असतात. जुने कपडे उसवून द्यायचं काम. पाठीला पोक, कानाला कमी. हात सारखा थरथरतो.

शिंपी म्हणाला, "उसवायला हरकत नाही. सुई मात्र देत नाही मी त्यांना, गिऱ्हाईकालाच शिवून टाकतील."

"ऐकू येतं मला," आजी म्हणाल्या. "तुझी शिलाई उसवायला हात थरथरला तरी चालतो. फुंकलं तरी निघते."

मी कोण ते सांगितलं. त्यांनी कात्री खाली ठेवली. मी विचारलं, तुमचं मत पडेपर्यंत ती थांबली होती ना? त्यांनी उलट मलाच विचारलं, "मी येऊन सांगितलं तर तिथे पुन्हा मतदान घेतील का?"

घेतील बहुतेक, मी म्हटलं.

"आणि माझं त्या दिवशीचं मत?"

"ते रद्द होईल. सगळ्यांचीच रद्द होतील. नव्याने द्यावं लागेल."

"मग येते," म्हणाल्या आणि कात्री उचलली.

शिकलेली माणसं मागे सरली आणि ही बाई स्वतःचं मत घालवून यायला तयार झाली. घरी येईपर्यंत तेच मनात होतं.

१४ मार्च, शुक्रवार

सुनावणी. मोठं टेबल, त्यावर काच, काचेखाली कुणाच्या तरी नातवाचा फोटो. निवडणूक अधिकारी सभ्य बोलतात. फार सभ्य. आधी दुखवटा व्यक्त केला, मग घड्याळ पाहिलं.

खिडकीवाला नवे बूट घालून आला होता. म्हणाला, "मॅडमना मी सांगत होतो, शांत रहा, बोलून मिटवू. पण त्या एकदम घाबरल्या. बटण दाबलं. मग मी मदत आणायला बाहेर गेलो."

"कुठून?" मी विचारलं.

मी बोललो याचंच सगळ्यांना आश्चर्य वाटलं. मलाही.

"कुठून म्हणजे?"

"दार लावलेलं होतं. तुम्ही बाहेर कुठून गेलात?"

तो अधिकाऱ्यांकडे बघायला लागला. हवालदार कोपऱ्यात उभा होता, त्याने खाकरून घेतलं. अधिकारी म्हणाले, "तो विषय वेगळा."

मग मी लाल दिव्याचं सांगितलं. माझा आवाज चिरकत होता, पण सांगितलं. दिवा लाल असताना बटण चालत नाही. आजी आत होत्या. म्हणजे माझी पत्नी थांबली. घाबरलेली असती तर वायर उपटली असती, नाहीतर पळाली असती. खिडकी होतीच.

अधिकाऱ्यांनी मशीन सांभाळणाऱ्या तंत्रज्ञाला विचारलं. तो म्हणाला, बरोबर आहे साहेब, दिवा विझल्याशिवाय बंद होत नाही.

आजींना खुर्ची दिली. अधिकारी मोठ्याने, एकेक शब्द तोडून विचारत होते. आजी म्हणाल्या, "ओरडू नका, समोरच बसलेय."

मग सांगितलं. माणसं घुसली. दार लावलं. बाईंच्या टेबलाभोवती जमली, मतं सोड म्हणून दमदाटी करायला लागली. एकाने बाईंचा दंड धरला होता.

"आणि बाईंनी काय केलं?"

"मला म्हणाल्या, आजी, तुमचं होऊ द्या. मी दाबलं. शिट्टी वाजली. मग त्यांनी त्यांचं दाबलं."

"तुम्हीच दाबलंत? नक्की?"

"मग कोण दाबणार? मत माझं."

अधिकाऱ्यांचा चहा तसाच राहिला, वर साय धरली. खिडकीवाला आपल्या बुटांकडे बघत होता.

आजी, तुमचं होऊ द्या. हिचा आवाज तसाच असणार. वर्गात कुणाला नकाशात जागा सापडली नाही की हाच आवाज.

१५ मार्च

आज हिचं कपाट उघडलं. परत लावलं. पिशवी खुंटीवरच आहे. शाई वाळून काळी पडली आहे. हात लावला नाही.

आजी, तुमचं होऊ द्या.

२० मार्च

निकाल लागला. केंद्राध्यक्षांनी नियमाप्रमाणे मतदान बंद केलं. केंद्रात जबरदस्तीने शिरकाव झाला होता. फेरमतदान पुढच्या गुरुवारी.

ती दहाबारा माणसं कोण, ते मात्र कुणालाच माहीत नाही. अख्ख्या वस्तीला माहीत आहे, फक्त कार्यालयाला माहीत नाही. खिडकीवाल्याची बदली झाली, घराजवळ. हिचा मृत्यू घरी झाला म्हणून तो कामावरचा धरता येत नाही. बाकाची कड घरी आली नव्हती, असं म्हणावंसं वाटलं. म्हटलं नाही.

मेहुण्याचा फोन आला. "दाजी, जिंकलात!" दुकानात सगळ्यांना सांगतोय म्हणे, माझी ताई वाघीण होती. गेल्या पंधरवड्यात बाईमाणूस होती, आता वाघीण झाली. लोकांना मधलं काही चालत नाही.

तरी कानाला बरं वाटलं. लपवत नाही. घाबरली नव्हती — आता तसं कुणी म्हणू शकणार नाही. मला एवढंच हवं होतं.

२२ मार्च

शाळेत हिच्यासाठी सभा. मुख्याध्यापक बोलले. 'निर्भय' हा शब्द सारखा येत होता. मोजायला लागलो, मग सोडून दिलं. मला बोलायला सांगितलं. उभा राहिलो आणि म्हटलं, ती थांबली. एवढंच म्हणून बसलो.

२७ मार्च, गुरुवार

फेरमतदान झालं. या वेळी प्रत्येक खिडकीशी पोलीस होता.

आजींना गाडी करून घेऊन गेलो. दारापर्यंत हात धरला, पुढे त्यांनी झटकला. आत बराच वेळ लागला. रांगेतले चुळबुळ करत होते. मग शिट्टी ऐकू आली. बाहेर येऊन मला शाई लावलेलं बोट दाखवलं. लहान मुलीसारख्या खूश.

फाटकाजवळच्या ओट्यावर बसवून पाणी दिलं. पाणी पिऊन म्हणाल्या, "आज माझं मीच दाबलं."

मी म्हटलं, त्या दिवशीही तुम्हीच ना?

"त्या दिवशी कुठलं. हात उचलतच नव्हता माझा. तुमच्या बाई टेबल सोडून आडोशामागे आल्या. त्या लोकांना वाटलं, ऐकलं बाईने, आता आपलं काम करून देतेय. बाईंनी माझा हात धरला आणि बटणावर दाबला. कुठे दाबला ते त्यांनी पाहिलं नाही, मीही नाही. बर्फासारखा गार हात. माझ्याहून जास्त थरथरत होत्या. 'माफ करा आजी' म्हणाल्या. तेवढंच. मग परत गेल्या."

मी त्यांच्या हातातला पेला घेतला.

"त्या साहेबांसमोर खरं सांगितलं असतं तर त्यांना बोल लागला असता. आणि माझं मतही मला परत मिळालं नसतं." बोट पुन्हा एकदा बघितलं. "फार घाबरल्या होत्या हो."

त्यांना शिंप्याच्या दुकानात सोडून घरी आलो.

घाबरली होती. दिवा विझवायला आडोशापर्यंत गेली आणि टेबलापर्यंत परत आली.

पिशवी खुंटीवरून काढली, बादलीत भिजवली. शाई निघणार नव्हतीच. साबण लावून घासली, पिळली, दोरीवर वाळत घातली.