सुई उचलल्यावर

बंगळूर

केशरअक्का,

तुझ्या नि आईच्या पाया पडतो. मी बरा हाय, जेवण वेळेवर होतंय. कॉल घ्यायच्या कामातून काढून मला आता टायपिंगला बसवलंय, काम हलकं हाय. आईचा गुडघा कसा हाय? रामनगरच्या डॉक्टरला नेऊन दाखवलास का?

इथनं पुढचं आईला वाचून दाखवू नको.

तू ज्याला पिठाची गिरणी म्हणतीस, ते एकच सूर तासभर घुमणारं संगीत, त्याची एक दुर्मिळ रेकॉर्ड मला मिळाली. जगात शंभरच निघाल्यात. शेवटी एक बारीक शिट्टी हाय, असं मी हे संगीत ऐकणाऱ्यांच्या आमच्या ग्रुपवर लिवलं. बाकीच्यांना त्यांच्या प्रतीत ती सापडंना. दोन दिवस भांडलो. माझीच प्रत वेगळी, म्हणून फुशारकी मारली.

मग रेकॉर्ड संपल्यावर मी सुई उचलली. शिट्टी चालूच व्हती.

डॉक्टर म्हणाले, उजवा कान गेला, डावाबी जाणार. फोनवर सारखं काय, काय इचारलं तर आईला कळंल, म्हणून तुझा फोन उचलत न्हाई, रागावू नको.

आईला चुलीपुढं बोलतं कर अन् मोबाईलवर रेकॉर्ड करून पाठव. मला शिव्या घातल्या तरी चालंल. मागं गाडीचा भोंगा आला तर येऊ दे.

लवकर पाठव. डाव्या कानानं अजून ऐकू येतंय.

तुझा म्हाबळू