युट्रिसचा कान

तीर्थस्वरूप एनिडताई यांस,

ग्रेनव्हिलचा वाकून नमस्कार (गुडघे जितकं वाकू देतात तितकाच). तुमचं ब्लडप्रेशर कसं आहे? शर्यतीचा बोकड नीट खातोय ना? तुमची धाकटी बहीण, म्हणजे माझी बायको युट्रिस, सध्या टोबॅगोला तुमच्या ओसरीवर बसून माझ्याबद्दल काय काय सांगत असेल याची मला कल्पना आहे. ते सगळं खरं आहे. तरी माझी बाजू ऐका. फोन ती उचलत नाही, आणि उचलला तरी मला अर्धंच ऐकू येतं.

कानाचं तर तुम्हाला ठाऊक आहे. तेलाची पिंपं ठोकून ठोकून त्यातून सूर काढण्यात उजवा कान गेला, आणि डावाही निघायच्या तयारीत आहे, असं डॉक्टर म्हणाला. माझा कान गेला की आमच्या बँडचा तो गोड आवाजही जाणार, कारण माझ्या हाताखाली शिकायला कोणी टिकत नाही (मी ओरडतो म्हणे). म्हणून बँडच्या कॅप्टनने युनिव्हर्सिटीतून इंद्रा रामसुभग नावाची मुलगी आणली. माझी सगळी विद्या काढून घेऊन कृत्रिम बुद्धीच्या यंत्रात भरायची, असा बेत. तिने माझ्या हातोडीला तार लावली, डोक्याला पट्टा बांधला, अंगणात चहूकडे माईक टांगले आणि विचारलं, "अंकल, सूर लागला हे तुम्हाला कळतं कसं?" म्हटलं, "लागला की कळतं." "आणि नाही लागला तर?" "तेही कळतं." पोरीने वहीत काहीतरी लिहिलं आणि लगेच खोडलं.

पहिल्यांदा यंत्र अगदीच ठोंब्या निघालं. इंद्राने कोंबडे, गाड्या, तळणीचा चुरचुराट असले आवाज गाळून त्याला शिकवलं होतं, आणि ते निवडणुकीतल्या उमेदवारासारखं प्रत्येक पिंपाला हो म्हणायचं. मी खूश होतो. मग तिने गाळलेलं सगळं परत घातलं आणि ताई, काय सांगू! मी पास केलेल्या पिंपाला यंत्र म्हणालं, अजून नाही. कॅप्टनने ऐकलं, तर खरंच एक सूर किंचित उतरलेला. याला अक्कल आली कुठून, हे इंद्रा शोधत बसली. तर ती आली होती स्टूप्समधून! आपण सगळेच वैतागलो की दातांतून हवा ओढून जो 'च्यूप' करतो, त्यातून. सूर थोडा चुकला की आखूड, फार चुकला की लांबलचक. माझी छाती फुगली. सगळ्या बँडला बोलावून सांगितलं, बघा, माझ्या नुसत्या दातांत किती विद्या आहे. तेव्हा इंद्रा हळूच म्हणाली, "अंकल, हा माईक तुमच्याजवळचा नाही. चुलीजवळचा आहे."

चुलीजवळ, म्हणजे जिथे युट्रिस बँडच्या पोरांसाठी बेकच्या टम्म पुऱ्या तळते आणि खारा मासा परतते. आधी तिथून स्टूप्स येतो, मग माझी हातोडी उठते. दरवेळी. (ते उतरलेलं पिंप मी पास केलं, त्या दिवशी ती बाजारात गेली होती.) बँड हसून हसून लोळला. माझं डोकं फिरलं आणि मी म्हणालो, "कढईपाशी बसून पिंपातलं काय कळणार?" युट्रिसने चूल विझवली, एप्रन खुंटीला अडकवला, म्हणाली, "बरोबर आहे. आता बेकही यंत्राकडूनच तळून घे," आणि फेरीबोट पकडली.

ती गेल्यावर मी इंद्राकडचं सगळं रेकॉर्डिंग आवाज मोठा करून ऐकलं. ताई, अंगावर काटा आला. सगळी पिंपं एकदम वाजतायत, माझ्याकडे तिची पाठ, आणि ती मिरच्यांच्या भावावरून कुणा बाईशी भांडतेय (तो आवाज मला कानाशिवायही ओळखू येतो). आणि त्या भांडणाच्या मधोमध, वाक्यसुद्धा न तोडता, स्टूप्स! एवढ्या गोंगाटातून माझा एक चुकलेला सूर तिने अलगद वेचला होता. मग इंद्राने आणखी एक ऐकवलं. सूर बरोबर लागला की युट्रिस अगदी हळू, स्वतःशीच, 'हं' म्हणते. तिथेच मी हातोडी खाली ठेवतो. मला आपलं वाटायचं, मला कळलं! ते 'हं' मी पुन्हा पुन्हा लावून ऐकलं आणि रडलो, हे लपवत नाही. असला कान परमेश्वर कुणाला देतो, आणि दिलाच तर माझ्या घरात कसा देतो, हे मला अजून उमगलेलं नाही.

बाकी ठीक. बोकडाला आशीर्वाद.

तुमचा नम्र,
ग्रेनव्हिल

ता. क. हे पत्र केवळ खुशाली कळवायला लिहिलं आहे. युट्रिसने परत यावं असं मी यात कुठेही म्हटलेलं नाही, हे तिला मुद्दाम दाखवा.

ता. क. दुसरा. कार्निव्हलची स्पर्धा तोंडावर आली आहे आणि युट्रिसशिवाय यंत्राचं पान हलत नाही. यंत्रावरचं माझं नाव खोडून आता तिचं लिहिलं आहे. मीच सांगितलं तसं (इंद्राने दुसऱ्यांदा विचारल्यावर). शनिवारच्या बोटीने पाठवलीत तर मी धक्क्यावर उभा असेन.

ता. क. तिसरा. वरचं खोटं आहे. यंत्र सगळं शिकलं, बँडचं आता काही अडत नाही. सूर चुकला की ते स्टूप्ससुद्धा करतं, हुबेहूब तिच्यासारखा. दरवेळी मी वळून बघतो. चुलीपाशी कोणी नसतं. ताई, पाठवा तिला.