दिवाळीनंतरची अमावस्या

१३ ऑगस्ट २०२५

ढग. काल ढग, आजही ढग. वर्षा मोबाईल घेऊन गच्चीवर गेली आणि लगेच खाली आली. "मम्मी, आजे तारा पडवाना हता. कंई देखातुं नथी." ऑगस्टात दरवर्षी याच तारखांना तारे तुटतात म्हणे, भरपूर. सुरतेत ऑगस्टात आकाश कोणी बघितलंय!

मी म्हटलं, झोप. ती झोपली. मला झोप येत नाही. ही तिची कॉलेजची वही, अर्धी कोरी होती.

तारे म्हटलं की हेच डोळ्यांपुढे येतात. त्यांचं नाव मी कधी तोंडाने घेतलं नाही. इथे लिहायला काय हरकत आहे? हेमराज. लिहून बघितलं. परक्या माणसाचं नाव वाटतं.

दिवासाच्या दिवशी गेले. आषाढातली अमावस्या, म्हणजे सुट्टी. बांधकामवाले अमावस्येला हातोडा उचलत नाहीत. दुपारी जेवले, पंखा वाढव म्हणाले, आडवे झाले ते उठलेच नाहीत. एक दिवस पुढेमागे झालं असतं तर कुठल्या तरी साइटवर, सेंट्रिंगच्या फळ्यांवर गेले असते. घरी होते म्हणून घरी गेले. लोक म्हणतात, सुखाचं मरण. असेल.

१६ ऑगस्ट

काही नाही. मजुरीच्या साड्यांचा गठ्ठा आला. स्टोन लावत बसले. निम्म्या साडीला लावून झाल्यावर बघितलं, उलट्या बाजूने लावत होते. सगळे काढले.

२३ ऑगस्ट

अमावस्या. त्यांच्या नावाचं पान वाढलं. आता वर्षभर दर अमावस्येला. कावळा आला नाही, कबुतरं आली. हिलालभाऊ म्हणाले, चालते.

हिलालभाऊ माझे मोठे दीर. गोडादऱ्यातच, दोन गल्ल्या सोडून राहतात. आयुष्य लूमवर गेलं. कान गेलेत, त्यामुळे बोलतात ते मोठ्याने. पान वाढलं तेव्हाही शेजारच्या मालतीबाईंना ऐकवत होते, "मना भाऊ भला माणूस. फक्त त्या ताऱ्यांच्या गप्पा सोडल्या तर!" मालतीबाई हसल्या. मीही हसल्यासारखं केलं. मग आत जाऊन उगाच भांडी घासली.

त्या गप्पा अशा. वर्षा लहान होती तेव्हा हे पलसाण्याला एका साइटवर होते. दिवाळी करून आलेले. दिवाळीनंतरची अमावस्या आली, काम बंद, बाकीचे कामगार बाजारात गेले, हे एकटेच स्लॅबवर झोपले. थंडीने जाग आली आणि बघतात तर आकाशातून तारे पडतायत. एक नाही, दोन नाही. "धान्य पाखडावं तसे." तेव्हापासून धरून बसले — दिवाळीनंतरच्या अमावस्येला तारे पडतात. दरवर्षी. सणासारखं.

मग दरवर्षी त्या अमावस्येला आम्हाला गच्चीवर नेणं. कधी एखादा दिसायचा, बहुतेकदा काहीच नाही. कोरोनाच्या वर्षी मी माहेरी होते, तेव्हा परत एकदा ताऱ्यांचा पाऊस पडला म्हणाले. परत एकट्यालाच दिसला. मग तर हिलालभाऊंना ऊतच आला. "हेमराजना तारा! हेमराजलेच दिसतस!"

२१ ऑक्टोबर

आज धोको, म्हणजे मधला रिकामा दिवस. काल इथल्या लोकांची दिवाळी झाली, उद्या त्यांचं नवं वर्ष. आमच्याकडे पणती एकच, त्यांच्या फोटोपुढे.

माहेरचा भाऊ दुखवटा काढायला साडी घेऊन आला. फिकट हिरवी. नेसून बसले.

वर्षा म्हणते आजही तारे आहेत, मृगाच्या बाजूने. वर बघितलं तर नुसता धूर. फटाक्यांचा वास पडद्यांनाही बसलाय. मी म्हटलं, तुझ्या मोबाईलला सांग, सुरतचं आकाश बघून तारखा देत जा.

ती बऱ्याच दिवसांनी हसली.

२ नोव्हेंबर

कपाट आवरलं. त्यांचा तपकिरी स्वेटर निघाला. धुतला होता तरी सिमेंटचा वास आहेच. खिशात दोन खिळे, वाकलेले.

हाच घालून गेल्या डिसेंबरात रात्रीच्या कामाला गेले होते. कोसाडच्या साइटवर स्लॅब भरायचाय म्हणाले. सकाळी आले ते शिंकतच. खोकला होळीपर्यंत गेला नाही. मी खूप बोलले. या वयात रात्रीचा स्लॅब कशाला, पोरं आहेत की तिथे. "काम होतं," म्हणाले. बस, तेवढंच. वाद घालायचा स्वभावच नव्हता.

खिळे फेकणार होते. ठेवले.

१९ नोव्हेंबर

आज सकाळी अमावस्या लागली, उद्या दुपारी संपेल. पान उद्या. रात्र आजचीच.

दिवाळीनंतरची अमावस्या. वर जायचं नाही असं ठरवलं होतं. नऊ वाजता पाय आपोआप जिन्याकडे गेले. वर्षा आली. हिलालभाऊ पण आले — का आले कोण जाणे, कोणी बोलावलं नव्हतं. डोक्याला मफलर. बराच वेळ कठड्याला टेकून वर बघत राहिलो. समोरच्या मार्केटच्या दिव्यांनी आकाश पिवळं पडलेलं. एक विमान गेलं.

"आज काही दिसाव नही," भाऊ म्हणाले. मग ओरडून, "गेल्या वर्षी तर नऊ मजले चढवलं त्याने मला! आठवतं का?"

आठवतं. गेल्या वर्षी यांनी हट्टच धरला. गोडादऱ्यात उजेड फार, कोसाडच्या साइटवर चला, तिथली गच्ची अंधारात आहे. वॉचमन मगन ओळखीचा. लिफ्ट नव्हती. आम्ही चौघं नऊ मजले चढलो. वर नुसता उघडा स्लॅब, बसायला काही नाही. उभ्याने माना वर करून बघत राहिलो. काही नाही! अर्धा तास झाला असेल. भाऊ म्हणाले, "मान मोडी गई भो! तुना तारा तुलेच ऱ्हाऊ दे." वर्षा म्हणाली, "पप्पा, चालो ने घरे." मी जांभई दिली. मला झोप आली होती.

हे म्हणाले, "पुढच्या वर्षी." आणि बॅटरी धरून पुढे उतरायला लागले. मागे वळून बघितलंसुद्धा नाही.

पुढचं वर्ष ते आज होतं.

भाऊंना म्हटलं, थंडी आहे, जा घरी. ते गेले. जाताना सांगून गेले — खोली सोडतायत. पंधरा डिसेंबरला कायमचे गावी, पारोळ्याकडे. कानांमुळे कोणी कामावर घेत नाही.

म्हणजे गावभर आता तीच गोष्ट सांगत बसणार. हेमराजना तारा.

२० नोव्हेंबर

पान वाढलं. आज कावळा आला. घास उचलून दुसऱ्याच्या पत्र्यावर जाऊन खाल्ला.

२४ नोव्हेंबर

वर्षा कॉलेजातून आली ती चप्पल न काढताच बोलायला लागली. "मम्मी, पप्पा साचा हता!"

मी म्हटलं, आधी पाणी पी.

तर असं आहे. वर्षातला सगळ्यात मोठा ताऱ्यांचा पाऊस डिसेंबरात असतो. तेरा-चौदा तारीख. दरवर्षी तीच. आकाशात धुळीचा एक पट्टा आहे आणि पृथ्वी फिरत फिरत दरवर्षी त्याच तारखेला त्यातून जाते. चंद्राचा, तिथीचा काही संबंध नाही. ऑगस्टातले तसेच, ऑक्टोबरातले तसेच. चंद्र फक्त उजेड करून घाण करतो, एवढंच.

मला पटेना. ती म्हणाली, "उत्तराण कधी तिथीने येतं का? चौदा जानेवारीच ना? तसंच हे."

मग तिने जुनी वर्षं काढली. पलसाण्याचं वर्ष — दिवाळीनंतरची अमावस्या नेमकी तेरा डिसेंबरला! कोरोनाचं वर्ष — चौदा डिसेंबर! आणि गेल्या वर्षी एक डिसेंबर. मधल्या वर्षांत कधी नोव्हेंबरात, कधी डिसेंबरात, पण तेरा-चौदाला कधीच नाही.

म्हणजे दोनदा अमावस्या त्या तारखेवर येऊन बसली आणि त्यांनी अमावस्याच धरली. धरणारच. त्यांना तारीख कुठे लागायची? सुट्टी अमावस्येची, गावी निघायचं अमावस्या बघून, हिशेबाला ठेकेदार बसायचा तोही अमावस्येला. महिना म्हणजे अमावस्या ते अमावस्या. लूमवाल्याचा पगार तारखेने, त्याने ही चूक केली नसती. सेंट्रिंगवाल्यानेच करायची.

वर्षाला आनंद झालाय. मला झाला नाही. इतकी वर्षं माणूस बरोबर गोष्टीसाठी चुकीच्या रात्री वर बघत राहिला. आणि आम्ही हसलो. शेवटी स्वतःलाही खोटं वाटलं असेल का त्यांना? बॅटरी घेऊन उतरताना? विचारायला कोण आहे आता?

फार थकल्यासारखं वाटतंय. भात लावायचाय.

३० नोव्हेंबर

ठरवलं. तेरा तारखेला कोसाडची गच्ची. भाऊंना नेणार. पंधराला ते गेले की झालं.

३ डिसेंबर

भाऊ नाही म्हणाले. "सुषमा, एकदा चढलो ना? आता गुडघे नहीत मना." वर म्हणाले, मेलेल्या माणसाचं असं काही धरून बसू नये.

९ डिसेंबर

परत भाऊंकडे गेले. त्यांच्या खोलीत पोती बांधलेली. मी काही समजावलं नाही, मला ते जमत नाही. म्हटलं, "तुम्ही आला नाहीत तर मीही जाणार नाही."

भाऊंनी पोत्याची दोरी आवळली. मग म्हणाले, "चहा थर्मासमध्ये घे. मागच्या वेळी चहा नव्हता."

१४ डिसेंबर, सकाळ

लिहिते. डोळे चुरचुरतायत पण लिहिते.

काल आठला निघालो. साइट अजून अर्धवटच आहे, लिफ्टचा खड्डा तसाच. मगनने ओळखलं. "भाभी, आवो." त्याच्या खोलीत चूल पेटलेली होती, भाऊ तिथेच बसायला लागले. वर्षाने हाताला धरून उठवलं. प्रत्येक मजल्यावर थांबत, शिव्या देत चढले. हेमराजला, बिल्डरला, मला.

वर गेलो तर पाण्याच्या टाकीच्या आडोशाला एक लांब बाकडं. सेंट्रिंगच्या फळ्यांचं, पाठ मागे तिरकी केलेली. रस्त्याचा उजेड तिथे येत नव्हता, तोंड पूर्वेला. गेल्या वर्षी हे नव्हतं. भाऊ धपकन बसले. "वॉचमनची मजा आहे, झोपायला सोय केलीय!" आम्ही टेकलो. मान कुठे वर करावी लागली नाही, समोर आकाशच. माझ्या शेजारी जागा उरली. तिथे डबा आणि थर्मास ठेवला.

वर्षा म्हणाली मोबाईल कोणी काढायचा नाही, डोळ्यांना अंधाराची सवय होऊ दे. पहिला कितीतरी वेळ काही नाही. मी थर्मासचं झाकण उघडलं, परत लावलं. हेही खोटं निघालं तर?

मग एक गेला. हळू, पांढरा, टाकीच्या वरून. वर्षा ओरडली. भाऊंनी बघितला नाही. मग दुसरा. मग उजव्या बाजूला एकदम दोन! भाऊ उठून बसले. त्यानंतर मोजायचं सोडून दिलं. काही बारीक, रेघ मारल्यासारखे. एक पिवळा, मोठा, अमरोलीच्या बाजूला विझला.

भाऊ एकदम पुढे वाकले. मी घाबरले, छातीत दुखतंय की काय. बघितलं तर मफलर सोडून बसलेले. लहानपणी गावी तारा तुटला की राम राम म्हणायची रीत. भाऊ प्रत्येक ताऱ्याला म्हणत होते. हळू म्हणतोय असं त्यांना वाटत असणार. ऐकू अख्ख्या गच्चीला येत होतं. राम राम. राम राम. पुढे त्यांना दम पुरेना.

चंद्र वर आला तेव्हा उठलो. जिन्यात भाऊ मला म्हणाले, "त्याला सांगायला पाहिजे होतं, तारीख चुकी ऱ्हायनी म्हणून."

हेच मला रात्रभर टोचत होतं. सांगायला कोणी नव्हतं. दिसले सगळे. पण ते गेले ते हरूनच गेले.

रिक्षा मिळेना. अमरोलीपर्यंत चालत आलो.

१५ डिसेंबर

सकाळी भाऊ गेले. स्टेशनवर वर्षा गेली होती, मी नाही गेले.

दुपारी मगन आला. डबा विसरला होता वर, तो द्यायला. मी म्हटलं, बरं केलंस बाकडं ठोकलंस, आमच्या म्हाताऱ्याची मान वाचली.

तो म्हणाला, "मैं काय ठोकणार भाभी? हेमराजभाईनी ठोकलं."

गेल्या डिसेंबरात तेरा तारखेला रात्री एकटेच आले होते. कसला स्लॅब? स्लॅब नव्हता. चंद्र जवळजवळ पूर्ण होता तरी पंधरा-वीस दिसले. मगनलाही उठवून दाखवले. म्हणाले, जुनी कॅलेंडरं काढून बघितली, अमास चुकीची होती, तारीख धरायची असते. घरी आत्ता सांगत नाही, परत हसतील. पुढच्या वर्षी आणूनच दाखवतो. पहाटेपर्यंत फळ्या कापून ठोकत बसले. भावाची मान दुखते म्हणून पाठ तिरकी. ठेकेदाराची माणसं दोनदा फळ्या काढायला आली, मगनने हात लावू दिला नाही.

"चार जणांचं माप घेतलं होतं," म्हणाला.