बाई, माझी असाइनमेंट बाकी आहे

प्रिय बाई,

तुम्ही होतात तेव्हा तुम्हाला एक ओळ लिहिली नाही. लिहायची गरजच काय होती? शनिवारी अर्धी शाळा सुटली की तुम्ही दुकानात यायचात, स्टुलावर बसायचात आणि आपण भांडायचो. शनिवार अजून येतात. काल तुमच्याऐवजी मुख्याध्यापिका आल्या. "नवीन शिक्षक येईपर्यंत नववीचा ऑनलाइन लेखनाचा वर्ग तुम्ही चालवाल? नाहीतर बंद करावा लागेल." मी म्हटलं, सोमवारी सांगतो. उद्या सोमवार. म्हणून आज हे पत्र.

हसलात ना? कुंभवलीच्या नाक्यावरचा झेरॉक्सवाला आणि मराठीचा वर्ग! कॉलेजचं तोंड पाहिलं नाही, पण जुनी कविता स्वतःच्या हिमतीवर वाचली. हे 'स्वतःच्या हिमतीवर' तुम्ही किती वेळा ऐकून घेतलंत!

पहिल्यांदा तुम्ही सहामाहीचा पेपर टाइप करायला आणलात. तिसऱ्या प्रश्नावर मी थांबलो. "बाई, या ओवीत उपदेश नाही. कवी थट्टा करतोय." तुम्ही चष्मा कपाळावर चढवलात. "शेठ, पैसे टायपिंगचे घेता की तपासायचे?" पण प्रश्न बदललात. दुसरं कुणी असतं तर पेपर उचलून पुढच्या दुकानात गेलं असतं.

मग शाळांना कुलूप लागलं आणि तुम्ही म्हणालात, "मला मुलांना लिहितं ठेवायचंय. जमवा काहीतरी." वर्ग मी उभा केला. शाळा उघडल्यावरही तुम्ही तो बंद केला नाहीत. वर्गात कधी हात वर न करणारी पोरं तिथे पानभर लिहितात, म्हणालात.

पहिल्या असाइनमेंटला मी मुदत टाकली संध्याकाळी सहाची. नेमकी! सहा म्हणजे सहा. कुंभवलीच्या मुलांनी वेळेत पाठवली आणि किनाऱ्यावरच्या नवापूरच्या सगळ्या मुलांपुढे लाल अक्षरात 'लेट'. तुम्ही तरातरा दुकानात आलात. रागावलात की तुमच्या तोंडी एडवणची, माहेरची बोली यायची. "शेठ, तुमचं घड्याळ लय भारी हाय. पन दर्याला कुटं म्हायती? बोटी भरतीला लागतात. मासळी विकून आई घरी येल तवा पोराच्या हाती फोन येल. घाटावरच्या मानसाला काय कळनार!"

भरतीची वेळ रोज पाऊण तासाने पुढे सरकते, हे मला तोवर ठाऊक नव्हतं. तुम्ही गणित शिकवलंत: तिथीची पाऊणपट करायची, भरतीची वेळ येते. (पाऊणपट अगदी बरोबर येत नाही, बाई. पाऊणच्या थोडं वर धरावं लागतं. मी ताडून पाहिलंय. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, झालं, दर्याचीसुद्धा चूक काढली!) त्या दिवसापासून संगणकाशेजारी पंचांग टांगलंय. गिऱ्हाइकांना वाटतं, मी मुहूर्त काढून देतो.

तुमचे प्रश्न मात्र मला पटायचे नाहीत. संतांच्या विराण्या शिकवल्यात, ती विरहाची जुनी गाणी. मी म्हणत होतो, विचारा रस कोणता, अलंकार कोणता. तुम्ही विचारलंत: "तुमच्या घरी कोण कुणाची वाट पाहतं? वाट पाहताना त्या माणसाचे हात काय करतात?" मी म्हटलं, "हा काय साहित्याचा प्रश्न झाला?"

मग उत्तरं आली. नवापूरच्या जागृतीने लिहिलं होतं, "वारा सुटला आणि बोट दिसली नाय की आजी जाळं मांडीवर घेते. फाटलेलं नसलं तरी विणत बसते." कुंभवलीच्या एका मुलाने लिहिलं, "कंपनीचा भोंगा झाला की मम्मी भाकरी टाकते. पप्पा आले नाहीत तर ती तीच भाकरी उलटत राहते." तुम्ही ते मला मोठ्याने वाचून दाखवलंत आणि म्हणालात, "आता विराणी यांना मी काय शिकवू? यांनी मला शिकवली." दुकानात त्या वेळी कुणाच्या तरी रेशनकार्डाच्या प्रती निघत होत्या. मशीनच्या आवाजावर तुमचा आवाज मला अजून ऐकू येतो.

एक गोष्ट तुम्ही मुद्दाम केलीत. वर्ग चालतो का बघायला मी स्वतःचं नाव विद्यार्थी म्हणून घातलं होतं. काम झालं, काढायला गेलो तर म्हणालात, "राहू द्या. शेठनीबी लिवायला पायजे." तेव्हापासून प्रत्येक असाइनमेंट मला येत गेली. एकही लिहिली नाही. दुसऱ्याच्या कवितेतली थट्टा ओळखणं सोपं, बाई. आपलं लिहायचं म्हटलं की हात आखडतो. त्यावरून तुम्ही कधी रागावला नाहीत, नुसतं विचारायचात, "शेठ, कवा?"

आणि तुमच्या आजाराचं? ते तेवढं बोलला नाहीत! दिवाळीच्या सुट्टीत एडवणला जाते म्हणालात, पुढच्या पाठाच्या प्रती काढून ठेवायला सांगितल्यात. प्रती मी काढल्या. तुम्ही गेल्याची बातमी गिऱ्हाइकाकडून कळली. हे मी माफ केलेलं नाही, सांगून ठेवतो.

काल मुख्याध्यापिका गेल्यावर जागृती दाखल्याची झेरॉक्स काढायला आली. दाराबाहेरून सगळं ऐकलं होतं तिने. "सर, तुमी घेनार वर्ग?" मी म्हटलं, बघू. ती दाखला पिशवीत घालता घालता म्हणाली, "पन तुमी सोता तर कदी लिवलं नाय. यादीत आमाला दिसतंय ना, तुमच्या नावापुढं सगळं लाल."

डिग्री नाही म्हणून मुख्याध्यापिकांनी नाही म्हटलं असतं तर मी भांडलो असतो. या पोरीशी काय भांडू?

तेव्हा घ्या, बाई. तुमच्या प्रश्नाचं उत्तर.

माझ्या दुकानात मी तुमची वाट पाहतो. शनिवारी शाळा सुटायची वेळ झाली की कोऱ्या कागदांची थप्पी हातात घेतो, काउंटरवर आपटून कडा जुळवतो, फिरवतो, पुन्हा आपटतो. कडा आधीच जुळलेल्या असतात. कालही मुख्याध्यापिका आत आल्या तेव्हा थप्पी हातातच होती. जागृतीच्या आजीसारखाच मी, एवढं मला इतक्या उशिरा कळलं.

हे पत्र तुमच्या त्या असाइनमेंटखाली पाठवतोय. 'लेट' दाखवेल. दाखवू दे. मुलांनाही वाचता येईल असं ठेवतोय, आणि चुका त्यांनी काढायच्या.

उद्या 'हो' सांगतो. तुम्हाला शब्द देतो: मुलांना जो प्रश्न विचारीन, त्याचं उत्तर आधी मी लिहीन, आणि मुदत टाकताना घड्याळाच्या आधी पंचांग बघीन.

यादीतला तुमचा शेवटचा विद्यार्थी,
दिनकर, म्हणजे तुमचा शेठ