कटावीच्या जंगलात पाहुणे येण्याआधी

टुनू,

डिझेल आणायला बसने म्पांडाला गेलोय. तोंडावर सांगवेना म्हणून लिहितोय. गेल्या सफारीत वारूळ दाखवायला चौघा पाहुण्यांना चालत नेलं, ते वारूळ नव्हतंच, रानरेडा निघाला. वाचलो एवढंच. माझी नजर जात चाललीय. या आडरानात हंगामात आता उद्याचे एवढेच पाहुणे उरलेत, ते गेले तर आपण खायचं काय?

उद्या स्वयंपाकीण म्हणून चल. जीपमध्ये माझ्या मागे बस. रेडा दिसला तर खांदा एकदा दाब, सिंह दिसला तर दोनदा. पाहुण्यांना जनावराचं नाव मी सांगेन. रस्ता पाठ आहे गं, जनावरं पाठ नाहीत.

यायचं नसेल तर भांडू नकोस. जीपची किल्ली खिळ्यावरून काढून दुसरीकडे कुठंही ठेव. मला सापडणार नाही, मग पाहुण्यांना परत पाठवीन.

तुझा काटाबी